हरकती व सूचना

हल नावाच्या शहरात नोकरी लागली तेव्हा
आईने फोनवर विचारलं, हल म्हणजे नांगर ना गं?
म्हटलं, हो. बोटीचा.

नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
लोक लिहितात, मी वाचते, शिक्का मारते
आणि तीनपैकी एका खणात टाकते:
विरोध, पाठिंबा, इतर.

यंदा सगळं टपाल एकाच इमारतीबद्दल.
नदीकाठचं नवं वाचनालय,
जस्ताच्या पत्र्यांनी मढवलेलं, एकही भिंत सरळ नाही,
शहराकडे तोंड करून कललेलं.

डोरीन स्टेदर्स यांना ते चेपलेल्या किटलीसारखं दिसतं.
एका निवृत्त खलाशाला हॅडकसारखं,
"तेही खवलं नीट न काढलेल्या."
सीगलसुद्धा त्यावर बसत नाहीत, असं तिघांनी कळवलंय.
आठ वर्षांची एक मुलगी लिहिते, छान आहे,
पण आत शू कुठे करायची ते सापडत नाही.
हीवा न्हाव्याची तक्रार वेगळी:
गिऱ्हाईकं आता फुटबॉलवर बोलत नाहीत,
त्या इमारतीवरच बोलतात, माना हलवत,
आणि वस्तरा गळ्याशी असताना मान हलवणं बरं नव्हे.

कुणी हिशोब पाठवलाय, त्या पैशांत
किती खड्डे बुजले असते: अकरा हजार चारशे.
कुणी नुसतंच लिहिलंय, का?
खाली सही, पूर्ण पत्ता.

नायजेल, आमचा साहेब, बरा माणूस,
जाता जाता विचारतो, वृंदा, तुला काय वाटतं?
मला ते सूप वाटतं.
पाखडून झाल्यावर भिंतीला टेकवून ठेवलेलं,
कडेला थोडा कोंडा अजून चिकटलेला.
पण हे सांगायला जावं तर
तो म्हणेल, कसलं, टोमॅटोचं?
म्हणून मी म्हणते, इंटरेस्टिंग.

फेब्रुवारीत एक पत्र आलं, निळ्या शाईचं.
विल्फ आउथवेट, वय शहाऐंशी, चौथा मजला.
"माझ्या पूर्वेच्या खिडकीतून नदी दिसायची.
बायको शेवटची दोन वर्षं त्या खिडकीशी पडून होती,
भरती आली की मला हाक मारायची.
आता पत्रे दिसतात.
काही बदला असं म्हणणं नाही.
फक्त कुठेतरी नोंद असावी."

ते विरोधात टाकवेना.
इतरांत तर मुळीच नाही.
दुपारभर कीबोर्डखाली राहिलं.
आमचं छापील उत्तर ठरलेलं असतं:
आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे.
ते काढलं, सही केली,
आणि का कोण जाणे, खाली पेनाने लिहिलं
की मी बसस्टॉपवरून पाहते,
ऊन असलं तर चारच्या सुमाराला तो पत्रा पेटतो
आणि तुमच्या बाजूच्या घरांवर
उजेड उलटा चालत येतो.
पडदा उघडा ठेवून बघा.

हे नियमात बसत नाही. नायजेलला सांगितलं नाही.

मग तीन आठवडे ढग.
न पिळता वाळत घातलेल्या फडक्यांसारखे, इथले ढग.
आपणच उधार घेतलेलं काही परत करायचं राहिलंय
अशी मी खिडकीकडे बघत राहायची.

मार्चात पोस्टकार्ड.
"मंगळवारी आला. चार वाजून दहा मिनिटांनी.
आधी कपाटावर, मग छतावर,
मग खाली पलंगाच्या तिच्या बाजूला.
सात मिनिटं थांबला.
या खोलीत दुपारनंतर ऊन कधीच येत नसे.
इमारत भिकारच आहे.
कृपया हे विरोधात धरावे."

धरलं.
शिक्का मारला, तारीख घातली,
दोन हजार एकशे सातावा विरोध.

त्या संध्याकाळी मी एक बस सोडून दिली.
एक सीगल त्या उतरत्या पत्र्यावर
बसायला बघत होता. घसरला.
पुन्हा वर गेला, पुन्हा घसरला,
मग इकडेतिकडे पाहिलं त्याने,
कुणी बघत तर नाही ना.